ॲस्टनचा गळा, हिंगण्याचे कान

गाडीचे हॉर्न सुरात लावण्याची नोकरी असू शकते, हे मला ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न याच्यामुळे कळलं. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीत त्याची आई कामाला होती, तिनं शब्द टाकून पोराला तिथं चिकटवलं. बंद खोलीत बसायचं, हॉर्न घ्यायचा, वाजवायचा, ठरलेल्या स्वरावर आणायचा, बाजूला ठेवायचा, पुढचा घ्यायचा. दिवसभर, रोज. २००९ साली आलेल्या आत्मचरित्रात तो सांगतो की तिथल्या एका जुन्या कामगाराची नोकरी तीस वर्षांच्या घरात आली होती आणि आता कंपनीकडून सोन्याचं घड्याळ मिळणार म्हणून तो खुशीत होता. ऑझीनं ते ऐकलं आणि नोकरी सोडली.

नागपूरच्या व्हरायटी चौकात सिग्नल अजून लालच असताना मागून जो हॉर्न कानात शिरतो, तोही कुठल्यातरी पोरानं कुठल्यातरी खोलीत बसून सुरात लावलेला असेल, असं तेव्हापासून माझ्या मनात येतं. राग थोडा कमी होतो. फार नाही.

२२ जुलै २०२५ ला ऑझी गेला. ७६ वर्षांचा होता. त्या रात्री आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर पहिला निरोप आला तो असा: ‘वटवाघूळवाला गेला बे.’ मग एकेकानं फोटो टाकले. काळे कपडे, डोळ्यांत काजळ, हाताच्या चार बोटांवर गोंदलेली नावाची चार अक्षरं. कोणी ‘अंधाराचा राजकुमार’ असं लिहिलं, कोणाला टीव्हीवरचा तो कुत्र्यांच्या मागे घरभर फिरणारा, बडबडणारा बाप आठवला. माझं या सगळ्यांशी भांडण नाही. पण माझ्या लेखी ऑझी आधी कामगार आहे. गरीब घरातून वर आला म्हणून म्हणत नाही. तसे पुष्कळ येतात, आणि आल्यावर मुलाखतीत ती गरिबी फ्रेम करून भिंतीला लावतात. तो गायचाच कामगारासारखा, एवढंच मला म्हणायचंय. हे सांगायला मला जरा हिंगण्यावरून जावं लागेल.

मी इसासनीकडचा. आता तिकडे फ्लॅट झालेत, पण तेव्हा हिंगणा एमआयडीसीत काम करणारी माणसं तिथं भाड्याच्या खोल्या करून राहायची. बाबा एका शेडमध्ये पावर प्रेसवर होते. पत्र्याचे तुकडे डायखाली ठेवायचे, पायानं पेडल दाबायचं, धाडकन आवाज, तुकडा बाहेर. त्यांच्या आधी आजोबा एम्प्रेस मिलमध्ये. म्हणजे आमच्या घरात दोन पिढ्या माणसं मोठ्यानं बोलत आली. बाबांना डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. ते टीव्हीचा आवाज एवढा ठेवतात की बातम्या गल्लीला कळतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे बाप ओरडूनच प्रेमानं बोलतात.

ब्लॅक सॅबथ आमच्या घरी आलं ते नव्वदच्या दशकात. इंजिनिअरिंगच्या एका मित्रानं कोऱ्या कॅसेटवर भरून दिलं होतं, वर पेननं नाव लिहिलेलं, तेही चुकीचं. पहिल्यांदा लावलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “हे काय लावलं बाप्पा, मानूस मरून राह्यला का गाऊन राह्यला?” बाबा रात्रपाळी करून आले होते, बाजूच्या खाटेवर झोपले होते. ते उठले नाहीत. घोरतच राहिले. कॅसेटची बाजू संपली, खटका पडला, घरात शांतता झाली, आणि तेव्हा त्यांनी कूस बदलून विचारलं, “लाइट गेली का?”

त्या दिवसापासून ‘कर्कश’ हा शेरा मी गंभीरपणे घेत नाही. कोणाचे कान कुठे तयार झालेत, त्यावर ते असतं.

ऑझीचे कान ॲस्टनला तयार झाले. बर्मिंगहॅमचा तो कारखान्यांना चिकटलेला भाग. ३ डिसेंबर १९४८ चा जन्म. घरात सहा मुलं, आईबाप, झोपायच्या खोल्या दोन, संडास बाहेर. बाप जॅक जीईसी कंपनीत हत्यारं बनवणारा, कायम रात्रपाळी. आई दिवसपाळी. असं घर ज्यानं पाहिलंय त्याला माहीत आहे, तिथं दिवसा खेळायचं असेल तर आवाज न करता खेळावं लागतं, कारण कोणीतरी नेहमी झोपलेलं असतं. घराजवळच व्हिला पार्क, ॲस्टन व्हिला क्लबचं फुटबॉलचं मैदान. सामन्याच्या दिवशी लोक गाड्या गल्लीत लावून जायचे आणि ही पोरं ‘साहेब, गाडीकडे लक्ष ठेवतो’ म्हणून चिल्लर कमवायची. जामठ्याचं स्टेडियम झाल्यावर सामन्याच्या दिवशी आजूबाजूच्या शेतवाल्या पोरांनी जो पार्किंगचा धंदा केला, त्याचाच हा भाऊ.

शाळेत अक्षरं उलटीपालटी दिसायची. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात हे तेव्हा कोण सांगणार, मास्तरांनी ढ ठरवला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. बांधकामावर मजुरी, प्लंबरच्या हाताखाली, मग हॉर्न, मग कत्तलखाना. कत्तलखान्यात म्हणे तो बऱ्यापैकी टिकला. मधे कपड्यांच्या दुकानात चोरी केली आणि पकडला गेला. दंड झाला. बापाकडे भरण्याइतके पैसे होते की नव्हते हा वेगळा प्रश्न, पण बापानं भरायला नकार दिला. पोरगा विन्सन ग्रीनच्या तुरुंगात काही आठवडे काढून आला.

आता पुढचं ऐका. याच बापानं नंतर अडीचशे पौंडांचं कर्ज काढलं आणि पोराला गाण्यासाठी माइक, अँप्लिफायर, स्पीकर असा सगळा साउंड घेऊन दिला. दंड भरणार नाही, पण साउंडसाठी कर्ज काढीन. मला या माणसाबद्दल फार वाचायला मिळालेलं नाही, पण हा मला पूर्ण ओळखीचा आहे. आमच्या गल्लीत असे चार तरी होते. पोरगा नापास झाला तर पट्ट्यानं मारतील, आणि त्याच पोरानं ड्रायव्हिंगचं लायसन काढायचं म्हटलं तर सोसायटीतून कर्ज उचलतील. हिशेब सरळ आहे: चुकीचे पैसे पोरगा भरेल, हत्याराचे बाप भरेल. जॅक हत्यारं बनवणारा कारागीरच होता. माइक हे गाण्याचं हत्यार आहे हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि त्या हत्यारानंच काम झालं. ऑझीनं वाद्यांच्या दुकानात चिठ्ठी लावली: गायक आहे, काम पाहिजे, स्वतःचा साउंड आहे. गिटारवाला टोनी आयोमी आणि ड्रमर बिल वॉर्ड ती वाचून त्याच्या घरी आले. आयोमी त्याच्याच शाळेतला, एक वर्ष पुढचा, आणि शाळेत याला धपाटे घालणारा. दारात बघून म्हणे त्याला परत फिरावंसं वाटलं होतं. पण साउंड होता. नागपुरात ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या कोणालाही विचारा, ते हेच सांगतील: ज्याचा साउंड, त्याचा गायक. मी अशा कितीतरी कार्यक्रमांना गेलोय जिथं सिस्टिमवाल्याचा मेहुणा पहिलं गाणं म्हणतो. मेहुण्यांपैकी एखादा ऑझी निघतो, बाकीचे मेहुणेच राहतात.

चौथा गीझर बटलर, तोही ॲस्टनचाच. चौघांतला वाचणारा तो, शब्द बहुतेक त्यानंच लिहिले.

आयोमीच्या बोटांची गोष्ट रॉक ऐकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. मी ती एकदा बाबांना सांगितली, कारण दुसरं काही त्यांना सांगून उपयोग नव्हता. हा पोरगा सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात. त्या दिवशी त्याचा कामाचा शेवटचा दिवस. पुढे बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलेलं. दुपारी जेवायला घरी आला तर म्हणाला, आता नाही जात. आई म्हणाली, काम पुरं करून ये. गेला. मशीनवरची बाई आली नव्हती म्हणून याला तिच्या जागी बसवलं. मशीन खाली आली, यानं हात ओढला, उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आणि हा डावखुरा. गिटारच्या तारा दाबायचा हात तोच.

बाबांनी टीव्ही बंद केला. हे ते सहसा करत नाहीत.

“कोनती मशीन?”

“पत्र्याची प्रेसच असावी.”

“गार्ड नव्हता?”

“तेव्हा कुठला गार्ड, बाबा.”

“आधी बसला होता का त्या मशीनवर कधी?”

“नाही. पहिल्यांदाच.”

“मंग बरोबर. दुसऱ्याच्या मशीनवर बसवलं का बोट जातेच. आपल्या मशीनचा ठोका आपल्याले मालूम असते.” मग जरा थांबून, “काई भेटलं का त्याले?”

म्हणजे भरपाई. आमच्याकडे हा प्रश्न वंशपरंपरेनं येतो. आजोबा अभिमानानं सांगायचे की जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, १८८६ मध्ये तिथं पेन्शन फंड आला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. एवढी वर्षं त्यांना कोणी तारखा विचारल्या नव्हत्या, तरी पाठ होत्या. ती मिल २००२ मध्ये बंद झाली, तिच्या जागेवर आता मॉल आहे, आणि मॉलमध्ये मी जातो, पॉपकॉर्न महाग आहे.

“रेकॉर्ड भेटली,” मी म्हणालो. कारण ते खरं होतं. आयोमी गिटार सोडायच्या बेतात घरी बसला होता, तेव्हा कारखान्याचा फोरमन त्याला भेटायला आला आणि एक रेकॉर्ड देऊन गेला. जँगो राइनहार्ट. ऐकून झाल्यावर सांगितलं, हा वाजवणारा डाव्या हाताच्या दोनच बोटांवर वाजवतो, आगीत भाजलेला आहे.

बाबा हसले. “सुपरवायझर चांगला होता म्हनायचा.”

पुढचं मी सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी खरी मान डोलावली. आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, घासून घासून मापात आणली, वर जुन्या कातडी जाकिटाचा तुकडा चिकटवला. तारा टोचत होत्या म्हणून बारीक तारा लावल्या. काही वर्षांनी गिटार खालच्या सुरात उतरवून तारा आणखी ढिल्या केल्या. त्या जड, खाली बसलेल्या आवाजावर आज अख्खं हेवी मेटल उभं आहे, आणि त्याच्या मुळाशी अपघातानंतर कामावर परतलेल्या माणसानं मशीनमध्ये केलेला जुगाड आहे. बाबांना संगीतातलं काही कळत नाही. पण जिग, फिटिंग, सेटिंग कळतं. “डोकं चाललं पोट्ट्याचं,” ते म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी माझं कधी केलं नाही.

आता ऑझीच्या गळ्याकडे येतो. ज्या शहरात सिव्हिल लाइन्सच्या मोठ्या सभागृहाला वसंतराव देशपांड्यांचं नाव आहे, तिथं बसून ऑझीच्या गाण्याची बाजू घेणं म्हणजे मार खायची कामं. गाण्याच्या क्लासला जाणारा माझा एक मित्र म्हणतो, याच्या गळ्यात ना मींड, ना हरकत, ना श्वासाचा हिशेब. बरोबर आहे. पण ‘आयर्न मॅन’ हे गाणं नीट ऐकावं. गिटार जी ओळ वाजवते, तीच ओळ ऑझी गातो. स्वराला स्वर. तिच्या वरून जात नाही, बाजूनं वळसा घेत नाही, तिच्याशी सवालजवाब करत नाही. लोखंडाचा ठोका पडतो आणि माणसाचा आवाज त्याच ठोक्याला पडतो. मशीनच्या वरताण ओरडून बोलणाऱ्या माणसालाच ही सवय असते. मशीन थांबणार नाही हे त्यानं गृहीत धरलेलं असतं, मग तिच्या लयीत शब्द बसवायचा. बाबा प्रेसवर गुणगुणायचे, असं त्यांच्या बरोबरचे काका सांगतात. ठोका पडायचा तेव्हा सम. यात कला किती आणि सवय किती, हे वेगळं काढता येत नाही, आणि काढायची घाईही मला नाही.

त्या गळ्यात आणखी एक गोष्ट आहे: तो घाबरलेला आहे. आवाज उंच, सपाट, थोडा रडवेला, अंधारात कोणाला तरी हाक मारावी तसा. लोक त्याला भुताचा आवाज म्हणतात. मला तो भूत दिसलेल्या माणसाचा वाटतो. बँडच्या नावाची गोष्टही अशीच. १९६९ मध्ये ते सराव करत होते त्याच्या समोरच्या थिएटरला भीतीचा सिनेमा लागला होता, बाहेर रांग. यांच्यापैकी कोणाला तरी वाटलं, लोक घाबरायला पैसे देतात, मग आपण घाबरवणारं संगीत का करू नये? सिनेमाचं नाव उचललं, बँडला लावलं. पहिला अल्बम लंडनला एका दिवसात वाजवून मोकळे झाले आणि तो १३ फेब्रुवारी १९७० ला आला, शुक्रवारी. समीक्षकांनी झोडपला, लोकांनी विकत घेतला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दुसरा आला आणि इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेला.

सैतानाचे पुजारी म्हणून त्यांच्या नावानं बोंब झाली. नागपूरकराला यात समजायला अवघड काय आहे? तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे काळी मारबत निघते, पिवळी मारबत निघते. आक्राळविक्राळ बाई, लोंबते स्तन, बाहेर आलेले दात, मागे बडग्यांची, म्हणजे पुरुषी पुतळ्यांची रांग, आणि इतवारीपासून सगळा रस्ता ओरडतोय, “इडापिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” १८८० च्या दशकापासून हे चाललंय. मारबतीला कोणी सैतानपूजा म्हणत नाही. भीतीला चेहरा द्यायचा, तिला रस्त्यावर काढायची, तिच्या नावानं बोंबलायचं आणि शहराबाहेर नेऊन जाळायची. बडग्यांवर महागाई असते, भ्रष्टाचार असतो, त्या त्या वर्षीचा पुढारी असतो. सॅबथचं ‘वॉर पिग्ज’ काय आहे? व्हिएतनामच्या दिवसांत युद्ध लावून देणाऱ्या सेनापतींना चेटकिणींच्या रांगेत बसवलेलं गाणं. बडग्याच तो. ज्यांची मुलं लढायला जातात त्या गल्लीतून निघालेला.

आणि त्यांच्या गळ्यातले ते मोठे क्रॉस? ते ऑझीच्या बापानं कारखान्यात बनवून दिले होते. चौघांना. या गोष्टीवर मी फार खूश आहे. आमच्या घरात अजून एक झारा आहे, एक सुपारी फोडायचा अडकित्ता आहे आणि देवघराची पितळी चौकट आहे, सगळं कंपनीच्या भंगारातून, सुट्टीच्या आधी अर्ध्या तासात. एमआयडीसीतल्या प्रत्येक घरात अशी एखादी वस्तू सापडेल. सैतानाचा बँड म्हणून जगभर मिरवलेल्या गळ्यांत बापानं रात्रपाळीत ठोकलेला देवाचा क्रॉस होता.

इथपर्यंत ऑझी माझा. पुढचा अर्धा तितका माझा नाही, पण सांगायला हवा.

पैसा आला आणि बराचसा व्यवस्थापकांकडे गेला. कागद वाचायची सवय चौघांनाही नव्हती, ऑझीला तर वाचताच येत नव्हतं नीट. दारू आली, कोकेन आलं. १९७९ मध्ये बँडनं त्याला काढून टाकलं, नशेमुळे. नशा चौघंही करत होते, काढला हा एकटा. मग शेरॉन त्याच्या आयुष्यात आली, तिनं त्याला उचलून उभा केला, त्याचा धंदा हातात घेतला. १९८० मध्ये त्याचा स्वतःचा पहिला अल्बम, रँडी रोड्स नावाचा लहानखुरा, देखणा, अफाट गिटारवाला. १९ मार्च १९८२ ला तो विमान अपघातात गेला, पंचविशीतच. वटवाघळाचं प्रकरण त्याआधी दोन महिन्यांचं: कोणीतरी मंचावर फेकलं, याला रबरी वाटलं, यानं दातांत धरलं. इंजेक्शनं घ्यावी लागली. बास, एवढीच ती गोष्ट आहे, आणि मेल्यावरही ती माणसाच्या मागे लागते.

त्यापेक्षा १९८९ ची गोष्ट मोठी आहे आणि ती निरोपाच्या लेखांत बारीक अक्षरांत होती. दारूच्या धुंदीत त्यानं शेरॉनचा गळा आवळला. अटक झाली, नंतर नशामुक्ती केंद्रात गेला, तिनं तक्रार पुढे नेली नाही, संसार चालू राहिला. रॉकच्या दंतकथांमध्ये हे ‘वेडेपणा’ या खात्यात टाकतात. मी ज्या गल्लीत वाढलो तिथं पगाराच्या रात्री भिंतीपलीकडून असे आवाज यायचे आणि सकाळी त्या काकू नळावर पदर कपाळापर्यंत ओढून यायच्या. त्यांच्या नवऱ्यांना कोणी राजकुमार म्हटलं नाही. कामगार म्हणून मी ऑझीला जवळ करतो, तर कामगाराच्या घरातलं हेही माझ्याच पदरात येतं. ते सोडून बाकीचं घ्यायची सवलत नाही.

आणि मालक झाल्यावर तो मालकासारखाच वागला. त्याच्या स्वतःच्या पहिल्या दोन अल्बमांवर बेस वाजवणारा बॉब डेझली आणि ड्रमर ली कर्सलेक यांनी मानधनाच्या हक्कासाठी दावा केला होता. २००२ मध्ये ते अल्बम पुन्हा बाजारात आले तेव्हा या दोघांचं वादन काढून टाकून त्या जागी दुसऱ्यांकडून वाजवून घेतलेलं होतं. गाणं तेच, गळा तोच, खालचे हात बदललेले. मस्टरवरून नाव कापणं ऐकलं होतं. इथं केलेलं कामच कापलं. पुढे २०११ मध्ये मूळ वादन परत आलं, पण मी ते मधलं ध्वनिमुद्रण मुद्दाम एकदा ऐकलं आणि मला ड्रमपेक्षा हिंगण्याची फाटकं जास्त आठवली, बाहेर बसलेली माणसं आणि आत चालू असलेलं प्रॉडक्शन. वादन कापलं त्याच वर्षी, २००२ मध्ये, टीव्हीवर त्याच्या घरचा तो कार्यक्रम सुरू झाला आणि जगाला तो गोड म्हातारा म्हणून आवडायला लागला. वेळ अशीही साधते.

पार्किन्सनचं त्यानं २०२० च्या जानेवारीत जाहीर केलं. त्याआधी पडला होता, मणक्याच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. मग ५ जुलै २०२५ ला शेवटचा कार्यक्रम, आणि तो व्हिला पार्कवर. ज्या मैदानाच्या गल्लीत गाड्या राखल्या, त्याच मैदानावर. मूळचे चौघं कितीतरी वर्षांनी एकत्र. ऑझी काळ्या सिंहासनावर बसून वर आला, कारण उभं राहता येत नव्हतं. मी ते मोबाइलवर पाहिलं. बरेच लोक रडले म्हणे. मला रडू नाही आलं, मी त्याच्या हातांकडे आणि पायांकडे बघत होतो. सूर हलत होता, मधेच निसटत होता, पण ठोक्यावर शब्द पडत होता. प्रत्येक वेळी. गेली सहा वर्षं आपण पडूनच होतो असं त्यानं लोकांना सांगितलं आणि पुढचं गाणं घेतलं. बसल्या बसल्या तो दोन्ही हात वर करून टाळ्या मागत होता. ती त्याची जुनी सवय, मंचावर पहिल्या दिवसापासूनची. सतरा दिवसांनी गेला.

बाबा बाजूला बसले होते. त्यांना विचारलं, कसं वाटलं. म्हणाले, “बसून करायचं काम असते तर चाल्लं असतं अजून दोन-चार वर्षं.” त्यांच्या शेडमध्ये बसून करायचं काम म्हणजे पॅकिंग, आणि ते ज्यांची कंबर गेली त्यांना मिळतं.

३० जुलैला त्याची अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली. पुढे पितळी वाद्यांचा बँड चालत होता, सॅबथची गाणी वाजवत. तो व्हिडिओ पाहिल्यावर मात्र मला राहवलं नाही. इतवारीत एक बँडवाले आहेत, लग्नसराईत आमच्या नात्यातल्या बऱ्याच वराती त्यांनी काढल्यात. त्यांच्या दुकानात गेलो. पावसाळा, सीझन नाही, पोरं ट्रंपेट पुसत बसली होती. मी मोबाइलवरून ‘आयर्न मॅन’ची ती ओळ ऐकवली.

मास्तरनं एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा बोटं हलवत ऐकलं, मग ट्रंपेट उचलून वाजवून दाखवलं. जवळपास बरोबर.

“सोपं हाय भाऊ. पर वरातीत कोन नाचन याच्यावर?”

“वरातीत नाही. मारबतीत वाजवा.”

“मारबतीत संदल लागते, डीजे लागते. ब्रासले कोन विचारते आता.” त्यानं पुन्हा एकदा ती ओळ फुंकली, या वेळी शेवटी एक लग्नातली गिरकी जोडून. “माझ्याकडून वाजवतो म्हना. बारा मानसं. चहापानी तुमचं, अन् ॲडव्हान्स आधी लागन.”